फुगवलेले गाल

ट्यूबा हे बँडातलं सर्वांत मोठं वाद्य, पण त्याच्याकडे ढुंकून कोणी बघेल तर शपथ. लग्नाच्या व्हिडिओत ट्रम्पेटवाला झळकतो, ढोलवाला झळकतो. ट्यूबाचा मात्र नुसता पितळी कर्णा दिसतो आणि वाजवणारा त्याच्या आड. म्हणून डिचोलीच्या बँडाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा परेश मास्तरांनी जे जाहीर केलं ते ऐकून श्रीनाथचे कान टवकारले. हॉलातल्या कार्यक्रमाला वन्स मोअर मिळालाच, तर शेवटी दोन ट्यूबांची जोडी वाजणार होती.

"काय वाजवायचं ते तुम्ही दोघांनी ठरवा," मास्तर म्हणाले.

दोघे म्हणजे पेडण्याच्या कचेरीतला कारकून श्रीनाथ आणि मयेचे सगुणकाका. काकांनी उभी हयात खाणीवर ट्रक चालवला आणि सुट्टीच्या दिवशी ट्यूबा फुंकला. श्रीनाथला वाद्य धरायला शिकवलं तेही त्यांनीच. काकांना नोटेशन वाचता येत नसे, सगळं कानावर. हल्ली मास्तरांना ते खुपत होतं. "या कार्यक्रमात जमलं नाही, तर काकांना रामराम," असं त्यांनी श्रीनाथला एकदा बाजूला घेऊन सांगितलं होतं.

काकांनी क्षणाचाही विचार न करता पालखीची चाल सुचवली. मयेच्या चढणीवर पालखी निघाली की हे दोघे तिच्या दोन बाजूंनी चालत ती वाजवीत. चढणीला छाती भरून येते, म्हणून काकांचा एक नेम होता: एकाचा श्वास संपला की दुसऱ्याने आपलं सोडून त्याचे सूर उचलायचे. चाल तुटता कामा नये. "तू दम घी, मी आसंय," काका नुसत्या भुवयांनी सांगत. वीस वर्षांत चाल एकदाही तुटली नव्हती.

"काका, पणजेचे लोक येतले," श्रीनाथ म्हणाला. "पालखीची चाल वाजवली तर हसतले आमकां."

खरं तर त्याला लाज वाटत होती. चालीची नव्हे, काकांची. त्यांच्या उसवलेल्या कॉलरची, 'मी लिवलेला वाचूक शिकलंय नाय' असं कुणालाही हसत सांगण्याची. त्याने इंटरनेटवरून एक परदेशी चीज उतरवून घेतली, चार पानांची. काकांना ती वाचता येणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि मास्तरांचं बोलणंही तो विसरला नव्हता.

"बरां," काका म्हणाले. "माका वाजवून धाड."

श्रीनाथने वरचा भाग आणि खालचा भाग एकामागोमाग वाजवून फोनवर धाडले. काका पंधरा दिवस मयेच्या तळ्याकाठी बसून ते ऐकत राहिले.

कार्यक्रम रंगला. वन्स मोअर आला. दोघे पुढे येऊन बसले, श्रीनाथसमोर कागदाचा स्टँड, काकांसमोर काहीच नाही. पहिली दोन पानं झकास गेली. दुसरं उलटताना घामेजल्या बोटांना दोन पानं चिकटून आली, आणि श्रीनाथ चुकला. कुठे आहोत तेच त्याला कळेना. त्याने फुंकणं थांबवलं. पण तोंड मात्र वाद्यावरून काढलं नाही. गाल फुगवले, बोटं हलवत ठेवली, वाजवतोय असा आव आणला.

आणि त्याचा वरचा भाग हॉलात वाजतच राहिला. काकांनी आपला खालचा भाग सोडून त्याचे सूर उचलले होते. एकही सूर चुकला नाही. शेवटच्या पानावर श्रीनाथला ठिकाण सापडलं, तो सामील झाला, काका आपल्या भागावर परतले. टाळ्या पडल्या.

मास्तरांच्या हातात मात्र नोटेशनची प्रत होती. पडद्यामागे ते काकांवर तडकले. "खालचा भाग मधेच गुल! श्रीनाथने सांभाळलं म्हणून अब्रू वाचली. बँडाचे टोपी-कोट उद्या पोचते करा."

काकांनी एकदा श्रीनाथकडे पाहिलं. श्रीनाथ वाद्य पुसत होता. पुसून झालं होतं तरी पुसत होता. घरी जाताना मोटरसायकलवर मागे बसलेली त्याची बायको अंकिता कौतुकाने म्हणाली, "तुमी होते म्हणून." त्याला गाडी तिथेच लावून शेतात पळून जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो मयेला गेला. सोप्यावर काकांच्या बायकोने, प्रभावतीकाकींनी, कोट इस्त्री करून घडी घालून ठेवला होता. वर टोपी. काकींनी चहा आणि उंडो पाव आणून ठेवला आणि आत गेल्या.

"काका, तुमी मास्तरांक कित्याक सांगूक नाय?"

"तू सांगशीत म्हणान गप रवलंय," काका म्हणाले. आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

श्रीनाथची मान वर होईना. शरमेने कानशिलं तापली. आपण यांना हॉलात न्यायला लाजत होतो, हे आठवून त्याला स्वतःची किळस आली. त्याने खिशातून फोन काढला आणि मास्तरांना लावला.

"बोल रे," पलीकडून मास्तर म्हणाले.

"मास्तर, काल..." एवढं बोलून त्याचा श्वास अडला. छातीत काही उरलंच नाही. सवयीने त्याने काकांकडे पाहिलं. वीस वर्षं असं पाहिलं की पुढचं ते उचलत आले होते.

काका खाली शेणाने सारवलेल्या जमिनीकडे बघत बसले. भुवई हलली नाही.

"हॅलो? श्रीनाथ?"

श्रीनाथने श्वास घेतला, आपला आपण.

"मास्तर, काल गुल झालो तो मी. मी नुसते गाल फुगवून बसलो होतो. माझा भाग काकांनी वाजवला."