श्रीपती आबांची भूक

बहात्तरच्या दुष्काळात अख्ख्या गावाच्या बरगड्या दिसायला लागल्या, तेव्हा एकट्या श्रीपती आबांचं पोट पुढं यायला लागलं. बैल बाजाराला गेले होते, विहिरींनी तळ गाठला होता, घराघरांत रेशनवरच्या मिलो नावाच्या लाल परदेशी धान्याच्या भाकरी होत्या. ती भाकरी गार झाली की चामड्यागत व्हायची. आणि अशात आबांच्या गालांवर तकाकी! त्यांच्या सदऱ्याची खालची गुंडी लागेना, म्हणून त्यांची सून हरणाबाई ती उसवून पुढं सरकवायला बसली आणि सुई हातात धरून तशीच थांबली. आपण तर पुरवून पुरवून वाढतो, मग हे फुगतायत कशावर?

हरणाबाईचा नवरा व्यंकट ढोकीच्या साखर कारखान्यावर कामाला होता. तो आठवड्यातून एकदा घरी यायचा. त्या दोघांची एकुलती एक लेक लग्न होऊन गेली होती. घरात उरली ती हरणाबाई आणि तिचा सासरा.

आबा म्हणजे गावातलं मोठं माणूस. गावच्या सोसायटीचे पहिले चेअरमन तेच. बांधाचं भांडण असो की सोयरिकीचं, दोन्हीकडची माणसं त्यांच्यापुढं येऊन बसायची. कारण आबांच्या तोंडून खोटं निघत नाही, ही पंचक्रोशीतली पक्की समजूत होती. पण अलीकडं त्यांना विसर पडायला लागला होता. आधी माणसांची नावं गेली, मग घराची वाट चुकायला लागली, आणि शेवटी आपण जेवलो की नाही हेच आठवेना.

जेवून, हात धुऊन, मिशा पुसून झाल्या की ते शांतपणे म्हणायचे, "हरणे, वाढ की आता. ऊन किती चढलं बघ."

"मामंजी, आत्ता जेवलासा न्हवं?"

"कोण, म्या?"

एकदा तिनं पुरावा म्हणून खरकटी थाळी तशीच ठेवली आणि त्यांच्यापुढं धरली. "ही बघा. कुणाची थाळी ही?"

आबांनी थाळी निरखून पाहिली. मग गंभीर आवाजात म्हणाले, "पोरी, माझं जेवण कुणीतरी जेवून गेलं बघ. दार लावत जा."

व्यंकट घरी आला की तिनं हे सांगावं, तर त्या दिवशी आबा अगदी शहाण्यासारखे वागायचे. लेकाला कारखान्याचं विचारायचे, पाऊसपाण्याचं बोलायचे, आणि एकदा वाढलेलं जेवून मुकाट उठायचे. व्यंकट म्हणायचा, "तू उगंच वाढवून सांगतीस. म्हातारं माणूस, एखादी भाकर जास्ती मागितली तर काय झालं?" हरणाबाई ताटं उचलून मोरीकडं जायची. आणि त्या रात्री भांडी जरा जोरात घासली जायची.

गावाजवळ पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. हरणाबाई सकाळी आबांच्या उशाला भाकर-कालवण झाकून कामावर जायची. अलीकडं तिथं बायकांचं काहीतरी बिनसलं होतं. ती टोपलं घेऊन आली की बोलणं बंद. पाण्याचा तांब्या मागितला तर कुणी बघून न बघितल्यासारखं करायचं. मुकादम पंचाक्षरी एरवी साधा माणूस, पण तोही एकदा तिच्याकडं न बघता मातीच्या ढिगाला उद्देशून म्हणाला, "वडीलधाऱ्याचा तळतळाट वाईट असतो."

शेवटी शेजारच्या विठामावशीलाच राहवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत तिनं हरणाबाईला बाजूला घेतलं.

"हरणा, तू माझ्या लेकीसारखी, म्हणून बोलते. दुष्काळ काय तुझ्या एकटीच्या घरात हाय? पण म्हाताऱ्याला उपाशी ठेवून तू भाकर कशी गिळतीस गं?"

"म्या? उपाशी? कुणी सांगितलं?"

"आबांनीच. आबा खोटं बोलत्यात व्हय?"

मग सगळं बाहेर आलं. हरणाबाई कामावर गेली की आबा झाकलेलं खाऊन घ्यायचे, काठी उचलायचे, आणि कुणाच्या तरी ओट्यावर जाऊन बसायचे. पटका नीट बांधलेला, पाठ ताठ, डोळ्यांत पाणी. मागायचे नाहीत, नुसतं म्हणायचे, "माय, कालपासनं पोटात अन्न न्हाय." समोरची बाई चरकायची. ती सुनेला शिव्या घालायला लागली की आबा तिला थांबवायचे. "न्हाय न्हाय, तिला बोलू नका. सून गुणाची हाय. कामाला वाघीण हाय. निस्तं जेवाया तेवढं देत न्हाय."

एवढं ऐकल्यावर कोण बाई भाकर वाढणार नाही?

"अन् मावशी, तुमीबी वाढलं व्हय?"

"मग? डोळ्यांदेखत उपाशी मरू देऊ?"

हरणाबाई तिथंच मातीत बसली. रडावं की हसावं ते कळेना, आणि दोन्हीला वेळ नव्हता, कारण सुट्टी संपली होती.

संध्याकाळी तिनं ठरवलं, साक्षीदारांपुढं जेवायला घालायचं. तिनं आबांचं ताट घरात न मांडता पिंपळाच्या पारावर मांडलं. विठामावशीला बोलावलं, आणखी चारचौघी आपोआप गोळा झाल्या. आबांनी सगळ्यांपुढं पोटभर खाल्लं, पाणी प्यायले, मोठा ढेकर दिला. हरणाबाईनं विजयी नजरेनं मावशीकडं पाहिलं.

आबांनीही मावशीकडं पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. "विठा, घरात शिळंपाकं काय असंल तर बघ की गं."

हरणाबाईला वाटलं, आता तरी कळेल. पण मागून एक म्हातारी पुटपुटली, "बघा, किती दिवसांची भूक असंल! एका ताटानं भागती व्हय?"

ही बातमी फिरत फिरत भूम तालुक्यातल्या ईटला पोचली. ईटला आबांची थोरली लेक कस्तुराबाई नांदत होती. ती पहिल्या एसटीनं आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिनं आवाज लावला.

"हरणे! माझा बाप दारोदार भाकर मागतोय, आन् तू?"

"वन्सं, आधी बसा तरी. मामंजींना..."

"त्यांनाच इचारते!"

आबा लेकीला बघून फुलले. त्यांनी तिला नावानिशी ओळखलं, जावयाची खुशाली विचारली, तिच्या म्हशीचं नाव घेऊन ती व्याली का म्हणून चौकशी केली. हरणाबाई दारात उभी राहून बघत होती. सकाळी याच माणसानं तिला ‘बाई, तुमी कुणाच्या घरच्या?’ असं विचारलं होतं. मग कस्तुराबाईनं हळूच विचारलं, "आबा, जेवलात का?" आणि आबांनी सुनेकडं बघत, अगदी दबक्या आवाजात सांगितलं, "ती हाय तवर बोलू नगं."

कस्तुराबाईनं दुपारच्याच गाडीनं बापाला ईटला नेलं. जाताना म्हणाली, "लेक जिवंत असताना बाप भीक मागणार न्हाय!"

एसटीचा धुरळा खाली बसला. हरणाबाई घरात आली आणि भिंतीला टेकून बसली. तिथंच तिचा डोळा लागला तो थेट दिवेलागणीला उघडला. पहिले काही दिवस तिला सणासारखे वाटले. आंघोळ निवांत, केस विंचरणं निवांत, बाहेर काठी वाजली की धावायला नको. पण एक दिवस तिच्या हातून दोन थाळ्या घेतल्या गेल्या. दुसरी थाळी ठेवायला परत उठताना तिला भलताच राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. ‘मामंजींना तिकडं कालवण तिखट वाढत असतील,’ असा विचार आला तेव्हा तर ती स्वतःवरच चिडली.

पुढं पंधरवडाही उलटला नसेल. एक दिवस दुपारी हरणाबाई तलावावर टोपली टाकत होती, आणि बांधावरून दोन माणसं येताना दिसली. पुढं आबा, नवरदेवासारखे ताठ, आधीहून जाड. मागं कस्तुराबाई, पदर ढळलेला, केस विस्कटलेले, डोळे खोल गेलेले. हातात पिशवी आणि आबांची काठी, कारण काठी त्यांना लागतच नव्हती.

ती आली आणि सगळ्या बायकांदेखत हरणाबाईच्या गळ्यात पडली.

"हरणे, तू जिवंत कशी राहिलीस गं बाई!"

काम थांबलं. पंचाक्षरी मुकादमही जवळ आला.

"काय झालं वन्सं?"

"काय व्हायचं राहिलं ते इचार! पयल्या दिवशी म्या पुरणाची पोळी केली. असतील नसतील ते डबे झाडून केली. खाऊन झाली, आन् आबांनी माझ्या सासूला जाऊन सांगितलं, लेकीनं निस्तं पाणी दिलं! सासू तीन दिवस माझ्यासंगं बोलली न्हाय. मग सगळी गल्ली डबे घिऊन यायला लागली. काल तर सरपंच आला घरी, चार माणसं घिऊन. म्हणतो, 'कस्तुराबाई, ईटच्या नावाला काळिमा लावू नका!' म्या त्याच्यापुढं रडले, तर आबा मला समजावत्यात, 'रडू नगं, तू गुणाची हाईस, निस्तं जेवाया...'"

पुढचं वाक्य तलावावरच्या निम्म्या बायकांनी मनातल्या मनात पूर्ण केलं. विठामावशीच्या हातातलं टोपलं खाली आलं.

"भूमच्या डॉक्टरला दाखवलं," कस्तुराबाई म्हणाली. "त्यानं तपासलं. म्हणला, ह्यांना पोट भरल्याचं ध्यानातच राहत न्हाय. ते खोटं बोलत न्हाईत, त्यांना खरंच तसं वाटतं. ह्याला औषिद न्हाय. आन् म्हणला, म्हाताऱ्याला काय हुत न्हाय, मोडतं ते सांभाळणारं माणूस. आधी त्या माणसाला जपा."

"चांगला डॉक्टर दिसतोय," पंचाक्षरी म्हणाला.

"लई चांगला. आबांना त्यानं आपला निम्मा डबा खायला दिला."

कुणीतरी फस्सकन हसलं. आणि मग विठामावशी जमिनीकडं बघत म्हणाली, "म्या तर रोज दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन येक भाकर देत हुते."

"अगं, दुपारी तर माझ्याकडं जेवायचे!" मागून एक म्हणाली.

"आन् माझ्याकडं नाश्ता करून जायचे."

प्रत्येकीला वाटत होतं, आपण एकटीनंच म्हाताऱ्याचा जीव जगवला. आता घरामागून घर बाहेर येत गेलं. मिलोच्या दिवसांत आबांनी कुणाकडची ज्वारीची शेवटची भाकर खाल्ली होती, कुणाकडचा लपवून ठेवलेला गूळ. सगळ्यात शेवटी पंचाक्षरी घसा खाकरून म्हणाला, "कामावर वाटतात त्या सुकडीचं एक वाडगं... म्हणजे उरलं तर... मीच देत होतो."

मग मात्र तलावाच्या खड्ड्यात असं हसू उसळलं की पलीकडच्या टोळीला वाटलं, पाणी लागलं. माणसं फावडी टाकून पळत आली. त्यांना पाणी दिसलं नाही, पण हरणाबाई दिसली. ती हसत होती, आणि हसता हसता कधी हुंदके द्यायला लागली हे तिचं तिलाही कळलं नाही. विठामावशीनं तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. "चुकलं बाई आमचं," एवढंच म्हणाली.

आबा मात्र एवढ्या गर्दीत खूश होते. त्यांनी सगळीकडं नजर फिरवली आणि विचारलं, "पंगत कवा बसणार?"

त्याच दिवशी ठरलं. कुणी ठराव मांडला नाही, पण आबा चेअरमन असताना सोसायटीचीही कामं एवढ्या एकमतानं कधी झाली नव्हती. आबांनी घरी एकटं राहायचं नाही. रोज हरणाबाईबरोबर तलावावर यायचं. बाभळीच्या सावलीला जिथं तान्ही पोरं निजवत, तिथंच त्यांना बसवायचं, आणि जी बाई पोरं राखेल तिनंच त्यांच्यावरही डोळा ठेवायचा. हरणाबाईनं त्यांच्या भाकरीचे तुकडे करून बायकांत वाटून द्यायचे. आबा ज्या बाईपुढं जाऊन डोळ्यांत पाणी आणतील, तिनं त्यातला एक तुकडा वाढायचा. आबांचं पोट आपल्या जागी राहील आणि कुणाच्या भाकरीला तोशीस लागणार नाही.

एक अडचण आली. सून उपाशी ठेवते हे आबा सगळ्यांना सांगतच राहिले. पण आता बायका म्हणायच्या, "व्हय आबा, लई वाईट सून," आणि हरणाबाईसुद्धा टोपलं उचलता उचलता म्हणायची, "वाईटच की! मामंजी, म्या तर आसल्या सुनेला घरातनं हाकललं असतं." त्यावर आबा चटकन तिची बाजू घ्यायचे. "छे छे, तसं करू नये. तिचं लई काम असतं."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा हरणाबाईनं टोपलं खाली ठेवलं आणि उगाच पदरानं तोंड पुसलं.

कस्तुराबाई लगेच ईटला परतली नाही. आठवड्याच्या सुट्टीला व्यंकट आला, तेव्हा थोरल्या बहिणीनं त्याला समोर बसवून असं काही सुनावलं की तो जेवल्यावर आपली थाळी स्वतः घासायला निघाला. मग तिनं हरणाबाईला विचारलं, "माहेराला कवा गेली हुतीस शेवटचं?"

हरणाबाईला आठवेना. मुरुमला भाऊ होता, म्हातारी आई होती. आबांचं सुरू झाल्यापासून तिनं वेस ओलांडली नव्हती.

"उद्याच्या गाडीनं जायाचं," कस्तुराबाई म्हणाली. "म्या हाय, ह्यो व्यंकट रजा टाकील, आन् तलावावरच्या बाया हायत. आठ दिवस तोंड दावू नगं."

"पण मामंजींना रातच्याला..."

"जाशील का आता!"

दुसऱ्या दिवशी विठामावशीनं बांधून दिलेली भाकर-चटणी घेऊन हरणाबाई गाडीत बसली. खिडकीजवळ जागा मिळाली. तुळजापुरापर्यंत ती जागी होती आणि एकसारखी मनात सूचना देत होती: आबांना पांघरूण डाव्या कुशीला खोचायचं, काठी पायथ्याला नको. नळदुर्ग मागं पडलं, वारा जरा थंड लागला, आणि तिनं डोकं खिडकीच्या गजाला टेकलं.

कंडक्टरनं तिला हलवून जागं केलं तेव्हा गाडी रिकामी होती. बाहेर माणसं घाईघाईनं बोलत होती आणि तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

"मुरुम आलं?" तिनं विचारलं.

"मुरुम कधीच गेलं बाई. हे आळंद. इथं सगळे कानडी बोलतात." कंडक्टर वैतागला होता, पण तिच्या तोंडाकडं बघून त्याचा आवाज उतरला. "मुरुमला मी लई हाका मारल्या. तुमी हललाच न्हाय. मला वाटलं, आजारी हाय की काय. परतीची गाडी तासाभरानं सुटती. बसून राहा हितंच."

हरणाबाईनं बाहेर पाहिलं. चहाच्या गाडीवर कुणी हसत होतं, एक बाई शेंगा विकत होती. इथं तिला कुणी ओळखत नव्हतं आणि कुणाला तिच्याकडून काही नको होतं.

"बरं," ती कंडक्टरला म्हणाली, पदर डोक्यावरून घेतला, आणि पुन्हा झोपली.