जीवनबाबाची होडी

"उठला! उठला!"

नदीकाठच्या गर्दीने एकदम आरोळी ठोकली. बायकांनी हात जोडले. होडीत उभ्या असलेल्या जीवनबाबाने वाकून पाण्यातला मासा वर धरला. थोड्या वेळापूर्वी पोट वर करून निपचित पडलेला तो मासा आता त्याच्या मुठीत शेपटी आपटत होता.

१९७३चा उन्हाळा. कोल्हारच्या खालच्या अंगाला, प्रवरेच्या वळणावर आमची वाडी. नदीची वाळू उघडी पडली होती. वरची डबकी रोज आटत होती आणि वाडीखालच्या डोहात तेवढं पाणी होतं. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडून आलेली माणसं संध्याकाळी याच डोहावर जमत, कारण तिथे मरण परत फिरतं असं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"जलतत्त्वातून जीवतत्त्व, जीवतत्त्वातून प्राणतत्त्व!" बाबा गरजायचा. "अमेरिकेचा मानूस चंद्रावर गेला. पन मेलेला मासा उठवता आला का त्याला? डाक्टर म्हनतो ताप उतरंल. हा बाबा म्हनतो मरन उतरंल!"

रिवाज ठरलेला होता. चेले डबक्यातले मासे रॉकेलच्या डब्यात भरून आणत. डबा उन्हात तापत पडे. मासे उलटे झाले की एकेक मासा लोकांना हाताळायला देत. मग तो होडीच्या मधल्या हौदात सोडत. बाबा त्याला संजीवनकुंड म्हणायचा. होडीवाला सूर्यभान भोई बांबूने होडी डोहात फिरवे, बाबा मंत्र पुटपुटे आणि होडी काठाला लागेपर्यंत मासा पोहायला लागलेला असे.

सूर्यभान कधी एक शब्द बोलला नाही. बाबाच्या पुढ्यात पडणाऱ्या ज्वारीतला वाटा त्याच्या घरी जात होता आणि त्या वर्षी घरात ज्वारी असणं ही लहान गोष्ट नव्हती.

शाळेचे शांतवन मास्तर मात्र बोलत. "मासा मेलेला नसतो, गुदमरलेला असतो," ते सांगत. लोक हसत. "मास्तर किरिस्ताव. त्यांना आपला देव खुपतो." मागल्या साली मास्तरांच्याच ख्रिस्ती वस्तीत प्रार्थनेने फेफरं घालवणारा एक जण आला होता. त्यालाही मास्तरांनीच हाकललं होतं आणि तेव्हा वस्ती त्यांच्यावर उलटली होती. ते कुणाला आठवत नव्हतं.

एका सकाळी वाडीतल्या भीमाची बायको राहीबाई पोरीला कडेवर घेऊन डोहाकडे निघालेली मास्तरांना दिसली. सहा वर्षांची मुक्ता. रात्रभर उलट्या, हगवण. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे ठणठणीत.

मास्तर आडवे आले. "राहीबाई, कोल्हारला ने हिला. गाडी मी जुंपायला लावतो. दवाखान्यात सलाईन लावतील. अंगातलं पाणी गेलंय तिच्या."

"मास्तर, तितं मेलेला मासा उठतो," राहीबाई म्हणाली. "माजी मुक्ता तर जित्ती हाय."

"मासा निराळा, माणूस निराळं."

"बाबापुढं समदे सारकेच." ती थांबली नाही. मास्तर तिच्यामागे डोहापर्यंत गेले, पण काठावर चेल्यांनी त्यांना अडवलं आणि वाडीतलं एकही माणूस त्यांच्या बाजूने पुढे आलं नाही. भीमासुद्धा नाही.

मुक्ताला कुंडात गळ्यापर्यंत बसवलं. बाबाने सूर्यभानला होडी फिरवायला सांगितली. पहिल्या फेरीत पोरीने "आये, पानी" म्हटलं. पाण्यात बसलेल्या पोरीला बाबाने पाणी देऊ दिलं नाही, कुंडाचा भंग होतो म्हणून. ऊन कलेपर्यंत होडी फिरत राहिली.

काठाला लागली तेव्हा मुक्ता गेली होती.

कोणी आरोळी दिली नाही. बाबाने डोळे मिटले आणि हळू आवाजात म्हणाला, "रडू नगंस, माय. देवानं तिला कुंडातनंच उचलून नेली. लई भाग्याची पोर." राहीबाईने त्याच्या पायावर डोकं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सूर्यभान मास्तरांच्या दारात येऊन बसला. "पोरगी माज्या म्होरं पानी पानी करीत गेली, मास्तर. मला घास गिळवत न्हाई. होडी मी केलेली हाय. समदं सांगतो."

संध्याकाळी गर्दी जमली तेव्हा दोघे पुढे झाले; होडीवालाच बरोबर असल्याने चेल्यांनी अडवलं नाही. मास्तरांनी बाबाच्याच डब्यातला उलटा पडलेला मासा उचलला, साध्या बांबूच्या पाटीत ठेवला आणि पाटी डोहात धरून हलवत राहिले. मंत्र नाही, कुंड नाही. लोक माना उंचावून पाहत होते. थोड्या वेळाने कल्ले हलले, मग शेपटी हलली.

"पाण्यात हवा मिसळलेली असते, मासा तीच घेतो," मास्तर म्हणाले. "डब्यातलं पाणी तापलं, हवा संपली, तो गुदमरला. ताजं पाणी मिळालं, उठला. आता हा बघा, सकाळी बाजारातून आणलेला, खरोखर मेलेला. महाराज, उठवा याला."

बाबा म्हणाला, "बाजारचा मासा अपवित्र."

तेव्हा सूर्यभानने होडी वाळूवर ओढून कलती केली. हौदाखालच्या फळीत बोटभर रुंदीची भोकं होती. त्यांतून पाणी भळभळा वाहून गेलं.

"होडी चालली की ह्यातनं नवं पानी आत येतं, जुनं भाईर जातं," तो म्हणाला. "हौदाच्या दोनी अंगांनी फळ्या डांबर लावून बसवल्यात, म्हनून होडी बुडत न्हाई. उन्हाळ्यात मासा कोल्हारच्या बाजारापत्तुर जित्ता ऱ्हावा म्हनून मी केलं हे. उरनच्या खाडीवर कामाला हुतो, तितं बघितलं."

पुढची माणसं वाकून भोकं बघू लागली. मग बाबानेच हात वर केले. "भोकं असून होडी बुडत न्हाई! बघा लोकहो, ह्याच्या परीस मोठा चमत्कार कंचा?"

आणि निम्मी गर्दी पाया पडली.

मास्तर राहीबाईकडे वळले. त्यांना वाटलं, ही तरी समजेल. ती त्या भोकांकडे बघत उभी होती.

"मास्तर, बाबा म्हनतात, मुक्ताला देवानं नेली," ती म्हणाली. "तुमचं खरं धरलं तर तिला मी मारली. मी कंचं खरं धरू, तुमीच सांगा."

राहीबाई जाऊन बाबाच्या पायाशी बसली.

सूर्यभानने आपली होडी बाबाला पुन्हा वापरू दिली नाही. त्याला वाडीने वाळीत टाकलं. बाबा आठवड्याने उठून नदीच्या खालच्या गावी गेला आणि तिथल्या सुताराकडून नवी होडी करून घेतली, भोकांसकट. तिथेही गर्दी जमली, असं कानावर आलं.

ही गोष्ट सांगून कोणाचं मन पालटेल, अशी माझी फारशी आशा उरलेली नाही. दवाखान्यात नेलेलं प्रत्येक मूल वाचतं असंही मी म्हणत नाही. पण मूल गेल्यावर सत्य जाणून घ्यायला आईच्या अंगात बळ राहत नाही, एवढं मी त्या वाळूवर पाहिलं. म्हणून सांगतो, विचारायचं ते आधी विचारा. मासा उठला, तर कशाने उठला? हे विचारायला देव सोडावा लागत नाही. होडी कलती करून खाली बघावं लागतं. बाबा रागावेल, शेजारीपाजारी रागावतील, घरातलेही रागावतील. रागावू द्या. पोर कडेवर जिवंत आहे तोवर बघून घ्या.