चांदीसकट सहा किलो शंभर

मी वजनकाटा बोलतोय. कांदे-बटाटे तोलणारा नव्हे हं! मी लेकरं तोलतो. वर हुक, मध्ये आकड्यांची नि सुईची तबकडी आणि खाली कापडी झोळी, एवढाच माझा पसारा.

जन्म कारखान्यातला, पण मी कळता झालो नांदेडात, पुनम मॅडमच्या हाताखाली. मॅडम लोकसंख्येचा अभ्यास करतात. घरोघरी पोरं कमी होऊ लागलीत. मग जी एक-दोन होतात, ती तरी धड वाढतात का, हा त्यांचा सध्याचा प्रश्न. उत्तर त्यांना माझ्याकडून हवं असतं. रोज सकाळी पाच किलोचं लोखंडी माप अडकवून त्या माझी परीक्षा घेतात. मी अजून एकदाही नापास झालेलो नाही. माझ्या अंगात थोडी घमेंड आहे, ती त्यामुळेच.

भोकरकडची गावं उरकून आम्ही लातूर जिल्ह्यात, उदगीरजवळच्या एका गावात आलो. माणसांची एक गंमत सांगतो. मोजणीवाले येणार म्हटलं की लोक लेकराला लग्नाला निघाल्यासारखं नटवतात. पावडर काय, काजळ काय, टोपडं काय! आणि झोळीत बसलं की निम्मी पोरं मला भिजवतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

गंगम्मांचा नातू शिवांश सात महिन्यांचा. पायांत वाळे, मनगटांत कडी, कमरेला चांदीचा करदोडा आणि गळ्यात, लिंगायतांच्या रीतीनं, चांदीच्या डबीतलं लिंग. मला ओसरीच्या तुळईला टांगलं. सुई गेली सहा किलो शंभरवर.

"बगा, कसा झ्याक हाय माजा राजा!" गंगम्मा खूश.

या वयाच्या मुलाचं वजन पाच किलो नऊशेच्या खाली असलं, तर मॅडम त्याला तातडीनं सरकारी दवाखान्यात पाठवतात. म्हणजे शिवांश सुटला होता. पण त्याची आई अंबिका दारातून हलेना.

"मॅडम, ह्ये चांदीसकट झालं की. काढून बगता का? दोन म्हयन्यापसून धड दूध पीना. मी सांगायले तर कुणी ऐकना."

मॅडमचं पेन थांबलं. वाळे, कडी, करदोडा उतरले. सुई बरोबर पाच किलो नऊशेवर.

"आणि हे लिंग?" मॅडमनी हळूच विचारलं.

"जल्मल्यापसून बांधलंय. ते न्हाई निघत!" गंगम्मांनी ठणकावलं.

असल्या गोष्टीत मॅडम कुणावर जबरदस्ती करत नाहीत.

"काढायचं न्हाई आत्याबाई," अंबिका म्हणाली. "गळ्यातच राहू द्या. मी निस्तं तळहातावर उचलून धरते."

गंगम्मांनी सुनेकडं पाहिलं. "तू बाजूला सर, मी धरते."

त्यांनी लिंग अलगद हातावर घेतलं. गळ्यातला दोरा सैल पडला आणि सुई मागं सरकली. पाच किलो आठशे.

खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. पण खोटं दाखवलं असतं, तर त्याहून वाईट वाटलं असतं. गंगम्मा नातवाची झबली पिशवीत भरायला बसल्या. दुपारच्या गाडीनं तिघं दवाखान्यात गेली.

मॅडमनी भोकरकडची यादी उघडली. तिथलीही सगळी वजनं चांदीसकटच! त्यांनी कपाळाला हात लावला. मग आम्ही पुन्हा गेलो, अठ्ठावन्न घरं, एकेक वाळा उतरवत.

आता माझी स्प्रिंग थकलीय. मॅडमच्या टेबलावर बॅटरीवाला नवा काटा येऊन बसलाय, लाल दिव्यात आकडे दाखवतो. दाखवू दे बापडा! माझं मागणं एकच आहे. लेकराला हवं तेवढं नटवा, पण तोलताना दागिने उतरवा. आणि त्याची आई काही सांगत असेल, तर तिचं ऐका.

परवा मी शेवटचा उदगीरकडं गेलो. शिवांश झोळीत बसला. कुणी सांगायच्या आतच गंगम्मांनी लिंग तळहातावर उचलून धरलं आणि तोंड दुसरीकडं फिरवलं.

"आकडा मोठ्यानं बोलू नका मॅडम, नजर लागती. गुमान लिवा."

अंबिकानं मात्र तबकडीकडं पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसली.

मॅडमनी गुमान लिहिलं. आकडा मीही तुम्हाला सांगणार नाही.