सातव्या गाण्यातली किंकाळी

यतीन आणि रुचा टोकियोतल्या ओजिमाच्या सरकारी वसाहतीत राहायचे. यतीन सॉफ्टवेअरमध्ये होता आणि त्याला एकच वेड होतं: ॲश पॅरिश नावाचा इंग्लंडमधला मेटलकोअर, म्हणजे कर्कश गिटारींवर किंचाळत गाणारा बँड. चार पोरांच्या पाठीशी कुठलीही कंपनी नव्हती. रेकॉर्ड स्वतः काढायचे, खोक्यात भरून स्वतःच पोस्टाने पाठवायचे. पुण्यात कॉलेजात असल्यापासून यतीन त्यांचा भक्त. बँड टोकियोत येणार आणि तोच कार्यक्रम लाइव्ह अल्बम म्हणून निघणार असं कळल्यावर त्याने ऑफिसातल्या हरीशलाही ओढून नेलं. हरीशला त्या संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं.

त्या कार्यक्रमात यतीनचा पाठीचा कणा मोडला. गर्दीने त्याला हातांवर झेलून डोक्यावरून पुढे सरकवलं होतं, तेवढ्यात तो खाली फरशीवर पडला. कमरेखालचं सगळं गेलं. मागून लोंढा आला आणि माझे हात सुटले, असं हरीशने हॉस्पिटलमध्ये रुचाला रडत सांगितलं.

तेव्हापासून हरीश दर रविवारी यायचा. आठवडाभर मदतीला बाई असायची, रविवारी तिला सुट्टी. हरीश यतीनला उचलून टबात बसवायचा, अंग पुसायचा, कपडे चढवायचा. बायकोला सुद्धा इतकं जमलं नसतं, असं रुचा फोनवर आईला सांगायची. देवमाणूस आहे म्हणायची.

मग अल्बम आला. बाहेर लोकांनी तो डोक्यावर घेतला, आणि सगळ्यात जास्त चर्चा सातव्या गाण्याची. गिटार एकदम थांबतात, क्षणभर नुसता गर्दीचा गलका, आणि त्यातून एक किंकाळी. गायकालाही जमणार नाही अशी किंकाळी, असं कोणी कोणी लिहिलं होतं. ती कोणाची, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

यतीन ते गाणं पुन्हापुन्हा ऐकायचा. रुचाने पुष्कळ दिवस टाळलं. एका दुपारी तो झोपलेला असताना तिने हेडफोन कानाला लावले.

गिटार थांबल्या. अगदी जवळून, माइकपाशीच उभं राहिल्यासारखा हरीशचा आवाज आला. हसत होता. "सोडू का? सोडू? घे, सोडलं."

आणि मग तिच्या नवऱ्याची किंकाळी.

तिने तेवढाच भाग पुन्हा ऐकला. जगभर हजारो लोक हे ऐकत होते आणि मराठी न कळणाऱ्या त्यांच्यासाठी तो नुसता गलका होता.

यतीन जागा झाला तेव्हा ती पलंगाजवळच बसली होती.

"तुला माहीत होतं?"

त्याने हेडफोनकडे पाहिलं. "माझ्या कानाशीच बोलला होता तो."

"मग पोलिसांना का नाही सांगितलंस? मला तरी?"

"सांगून काय झालं असतं? रडला असता, पाया पडला असता. मी माफ केलं असतं किंवा नसतं केलं. दोन्हीकडून सुटला असता तो. पुण्याला जाऊन लग्न करून मोकळा." यतीनचा आवाज अगदी साधा होता. "आता कसा दर रविवारी येतो."

रुचाला त्याची भीती वाटली. संध्याकाळपर्यंत ती भीती गेली.

रविवारी हरीशने यतीनला उचललं आणि यतीन म्हणाला, "रुचा, ते सातवं गाणं लाव ना."

तिने लावलं आणि आवाज मोठा केला. हरीश यतीनला हातांवर घेऊन बाथरूमच्या दारात उभा होता. स्वतःचा आवाज कानावर पडला तसा तो जागच्या जागी थिजला. यतीनचे पाय त्याच्या हातातून खाली घसरू लागले.

"सांभाळून," यतीन म्हणाला. "पाय आपटेल माझा."

हरीशने त्याला हळूहळू पाण्यात ठेवलं. तिथेच ओल्या फरशीवर गुडघे टेकले. "यतीन, मी गंमत करत होतो रे. मीच..."

"पाणी जरा गार वाटतंय," यतीन म्हणाला.

"ऐक ना माझं. वहिनी, तुम्ही तरी ऐका. मीच सोडलं त्याला."

रुचाने टॉवेल त्याच्या हातात दिला. "पुढच्या रविवारी जरा लवकर या. केसही धुवायचेत."

पुढच्या रविवारी तो आला. त्याच्या पुढच्याही. एकदा शिव्या द्या म्हणाला, एकदा स्वतःच पोलिसांत जातो म्हणाला. यतीन म्हणाला, "कशाला? अपघात होता तो. तूच सांगितलंस ना." आणि गाणं लावायला सांगितलं.

पावसाळ्याच्या आधी हरीशला टोकियोबाहेर त्सुकुबात नोकरी मिळाली. ही बातमी त्याने खाली मान घालून सांगितली. घर बदलतोय, आता येणं कठीण, असं काहीतरी पुटपुटला.

"त्सुकुबाहून फास्ट गाडी आहे," रुचा म्हणाली. "तासाभरात याल."

त्यानंतरच्या रविवारी बेल वाजली तेव्हा ती भाजी चिरत होती. हरीश दारात उभा होता, खूप वाळलेला. त्याने बूट काढले, बाह्या दुमडल्या आणि कोणाकडेही न बघता आत गेला.