शांतव्वाचे बोलावणे

"शांतव्वा, बिगीबिगी चला. आईसाब गेल्या," कृष्णात हमाल उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला.

शांतव्वाच्या हातातले सूप तसेच राहिले. "कवा?"

"आत्ताच की वो. नाकाम्होरं सूत धरलं, हाललं न्हाई. अण्णा म्हणलं, आंग ऊन हाय तवर चिक्कव्वाला घिऊन ये."

आईसाब म्हणजे शांतव्वाची सख्खी थोरली बहीण, गंगव्वा. आणि अण्णा म्हणजे गंगव्वाचा मुलगा शिवानंद, शाहूपुरीतला गुळाचा अडत्या. त्या घरात मावशीला चिक्कव्वा म्हणत. शांतव्वाने जोंधळ्याचे सूप बाजूला ठेवले, खुंटीवरचे गाठोडे काढले आणि ती निघाली. गाठोड्यात पंचा, लाकडी फणी, शिकेकाई आणि विभूतीचे गोळे. गेली पस्तीस वर्षे ते बांधून तयारच असे.

लिंगायतांत माणूस लिंगैक्य झाले की त्याला आडवे नेत नाहीत. न्हाऊ घालून, विभूती लावून, मांडी घालून बसवतात आणि तसेच बसलेले मातीच्या स्वाधीन करतात. हे सगळे अंग ताठायच्या आत व्हावे लागते. शांतव्वाचा नवरा मानमोडीच्या साथीत गेला तेव्हा भीतीने कुणी दाराकडे फिरकले नाही. चोवीस वर्षांची पोर दिवसभर एकटी त्याच्या उशाशी बसून राहिली. संध्याकाळी चार माणसे आली, तोवर त्याचे गुडघे वळेनात. ते वळवताना झालेला आवाज तिच्या कानांतून कधी गेला नाही. तेव्हापासून हाक आली की ती जाई. पेठेतला सावकार असो की रस्त्यावरचा गाडीवान, तिच्या हाताला फरक माहीत नव्हता. कुणी लुगडे देऊ केले तर "माझं हाय मला" म्हणून ती परत करी. अख्ख्या पेठेला तिने एकच गोष्ट घोकून घेतली होती. "रडाय जल्म पडलाय. आदी मला बोलवा."

लोकांना तिची गरज होती आणि तिची धास्तीही होती. ती गल्लीत वळली की बायका आपापल्या घरातल्या म्हाताऱ्यांकडे नजर टाकत. बारशाला, डोहाळजेवणाला तिला कुणी बोलावल्याचे ऐकिवात नव्हते. त्याचे तिला काही वाटत नसे, निदान ती तसे दाखवत नसे. पण गेल्या महिन्यात अक्काने, म्हणजे गंगव्वाने, अंथरूण धरले आणि शांतव्वाचा जीव थाऱ्यावर राहिना. ती दोनदा गाठोडे न घेता शाहूपुरीत गेली. दोन्ही वेळा शिवानंद ओट्यावर आडवा आला.

"चिक्कव्वा, तुझ्या पाया पडतो, आत जाऊ नगंस. तुला बघितलं की माझी अव्वा हाय खाईल."

"आरं, मी तिची बहीण हाय."

"मला ठावं हाय की. पर तिच्या डोळ्याला तू काय दिसशील?"

त्याचे अगदीच चुकले होते असेही नाही, आणि हेच तिला जास्त लागले. आई गेल्यावर अक्कानेच तिला कडेवर घेऊन वाढवले होते. तिला एकदा जितेपणी डोळे भरून पाहावे, तिच्याशी चार शब्द बोलावे, एवढेच तिला हवे होते. आता तेही राहिले. गंगावेशीतून शाहूपुरीपर्यंतच्या वाटेवर तिने कुणाकडे वर मान करून पाहिले नाही.

ओट्यावर गुळाच्या ढेपा बाजूला सारून माणसे जमली होती. बसवून न्यायचे विमान बांधायला कुणी बांबू आणले होते. शेजारच्या तानाबाईने शांतव्वाला पाहून नेहमीप्रमाणे तोंड फिरवले. शिवानंदची बायको महादेवी हिने पाण्याचे घंगाळ आतल्या खोलीत सरकवले आणि तोंडाला पदर लावून ती बाहेर पळाली. शांतव्वाने दार लोटून कडी घातली.

अक्का मुलीएवढी लहान दिसत होती. शांतव्वाने घटकाभर तिच्याकडे पाहिले आणि मग पदर खोचला. पायांपासून सुरुवात करायची तिची रीत होती. तिने लोटाभर पाणी पावलांवर ओतले.

पायाची बोटे आखडली.

"गार हाय गं," अंथरुणातून आवाज आला.

शांतव्वाने लोटा खाली ठेवला. आपणच सगळ्यांना घाई शिकवली, आणि त्या घाईने आज जिवंत अक्काला मातीत बसवले असते. अक्काने डोळे किलकिले केले. शांतव्वाने गडबडीने गाठोडे पाठीमागे ढकलले.

"तंगी, आलीस व्हय?" अक्का धाकट्या बहिणीला लहानपणापासून याच कानडी नावाने हाक मारी.

"भेटाय आलो, अक्का. वाईच तब्येत बघाय."

"आणि गाठोडं?"

शांतव्वाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. "चूक झाली गं. त्यास्नी वाटलं, तू..."

"लपवू नगंस. महिनाभर तुझीच वाट बघतोय मी." अक्का थांबून थांबून बोलत होती. "समदी खोटं बोलत्यात. डाक्टर म्हणतो, बरं वाटंल. शिवा म्हणतो, उन्हाळ्यात आजऱ्याला नेतो. कुणी उशाला बसून माझ्या डोळ्याला डोळा देत न्हाई. तू तेवढी खरं सांगशील. जाताना माणूस लई भितंय का?"

शांतव्वाने पस्तीस वर्षांत शेकडो चेहरे पाहिले होते. हे तिला आजवर कुणी विचारले नव्हते.

"भितंय की. खोटं कशाला सांगू? पर मागनं तोंड धुताना बघतो मी. रागरुसवा समदा उतरलेला असतोय. सासुरवाशीण म्हायेरात निजावी तसं दिसतंय."

अक्काने बराच वेळ डोळे मिटून घेतले. शांतव्वा घाबरून तिच्या तोंडावर वाकली.

"हाय अजून," अक्का म्हणाली. "मला न्हाऊ घाल. हितं नुसतं वल्या फडक्यानं पुसत्यात. मागनं घालणारच हाईस, ते मला कुठं कळणार? आत्ता घाल."

बाहेरून दारावर थाप पडली. "चिक्कव्वा, आटपलं का? इधीला जंगमस्वामी आल्यात."

शांतव्वाने कडी काढली आणि फटीतून तोंड बाहेर काढले. "शिवा, पाणी गार हाय. कडकडीत तापीव. आणि महादेवी, तांदळाची पेज टाक."

"पेज?" शिवानंद खुळ्यासारखा बघत राहिला.

"अक्काला भूक लागंल न्हाल्यावर."

शिवानंद दारातच खाली बसला आणि त्याने मावशीच्या पायांवर डोके ठेवले. कृष्णाताने कुणी न सांगता बांबू उचलले आणि ते परसात नेऊन टाकले.

त्यानंतर अक्का अकरा दिवस जगली. शांतव्वाला घरी जा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. ती बहिणीला कुशीवर वळवी, पाठीला तेल लावी, चमच्याने पेज भरवी. महादेवी आधी दारातून पाहायची, मग खोलीत येऊन पाहू लागली, आणि पाचव्या दिवशी तिने घंगाळाला हात लावला. दोघी बहिणी आईच्या, माहेरच्या जात्याच्या, कधीकाळी मोडलेल्या बाहुलीच्या गोष्टी बोलत. कधी त्या नुसत्याच बसत. एके दुपारी अक्काने विचारले, "तुला कोण न्हाऊ घालंल गं, तंगी?" शांतव्वाने हसून विषय बदलला, पण तो प्रश्न तिच्या मनातून गेला नाही.

बाराव्या दिवशी सकाळी अक्काने तिच्या मांडीवर प्राण सोडला. या वेळी डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली आणि मान हलवली. घरात रडारड उठली. शांतव्वा मात्र सवयीने उठली, पदर खोचला आणि गाठोडे घ्यायला वाकली. आज तिला ती गाठ सुटेना.

महादेवीने ते गाठोडे तिच्या हातातून काढून घेतले. तिचा चेहरा भीतीने पांढरा पडला होता.

"चिक्कव्वा, तुमी बसा बाहीर. मी करतो."

"तुला जमायचं न्हाई. गुडघं..."

"जमतंय. अकरा दिस बघतोय की तुमच्या हाताकडं. अडलं तर इचारीन." तिने शांतव्वाला दंडाला धरून उंबऱ्याबाहेर आणले आणि दार लोटून घेतले.

सोप्यात जाजमावर बायका बसल्या होत्या. शांतव्वा भिंतीशी उभी राहिली. अशा घरात बसायचे कुठे असते, हे तिला ठाऊक नव्हते. तानाबाईने तिच्याकडे पाहिले आणि ती जराशी सरकली.

"बस गं बाई," ती म्हणाली. "तुझी बहीण गेलीया."

शांतव्वा त्या जागेत बसली. तानाबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. बंद दाराच्या आत महादेवीने पहिला लोटा ओतला. तो आवाज शांतव्वा पहिल्यांदाच बाहेरून ऐकत होती.