चौघडी घातलेली घोंगडी

मी घोंगडी बोलतेय. काळी, खरखरीत, अंगाने चांगली लांबरुंद. रखडलेल्या कामाला 'भिजत घोंगडं' म्हणणाऱ्यांवर माझा जुना राग आहे. माझ्यावर बसून कितीतरी भांडणं मिटलीत, ते कुणी बोलत नाही!

सणगराच्या मागावर मी जन्मले आणि चाकणच्या बाजारातून महाळुंग्याच्या अर्जुनरावांच्या खांद्यावर आले. तिकडे पिंपरीला कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. कोंडाजी आणि भैरू या चुलतभावांची विहीर सामाईक. पाण्याच्या पाळीवरून दोघे खेडच्या कोर्टात गेले. निकाल लागेपर्यंत मोट बंद, असा हुकूम झाला आणि दोघांचाही कांदा माना टाकू लागला. शेवटी जज्जसाहेब म्हणाले, "गावातल्या शहाण्या माणसापुढे बसा. मिटलं तर पुढच्या तारखेला सांगा."

दोघांनीही अर्जुनरावांचंच नाव घेतलं. एवढं एकमत बऱ्याच दिवसांनी झालं होतं.

अर्जुनरावांनी मला विहिरीवरच्या जांभळीखाली पसरलं. भाऊ दोन टोकांना, एकमेकांकडे पाठ करून बसले. अर्जुनरावांची रीत अशी, की आपलं गाऱ्हाणं आपण सांगायचं नाही. समोरच्याचं सांगायचं, तो 'व्हय' म्हणेपर्यंत. त्या दिवशी कुणीच व्हय म्हटलं नाही.

दुसऱ्या बैठकीला त्यांनी मला दुमडून अर्धी केली. तिसऱ्या बैठकीला थेट चौघडी! दोन दांडगे शेतकरी मावणार कुठे? भैरू घसरला, तसा कोंडाजीने त्याचा दंड धरला.

"पडशील की, येड्या!"

"भैरू, आता सांग, ह्याचं दुखनं काय?" अर्जुनराव म्हणाले.

भैरू मान खाली घालून म्हणाला, "पोरीची सुपारी फोडली, तवा दादाला न्हाव्यासंगं निरोप धाडला. सोता गेलो न्हाई."

"व्हय." कोंडाजी म्हणाला. "पान्याचं काय न्हाई रं."

भैरू उठला, हात जोडून म्हणाला, "दादा, चुकलं माझं. तुझ्याबिगर लग्नात अक्षता पडायच्या न्हाईत."

कोंडाजीने सरकून त्याला जागा केली आणि स्वतः निम्मा मातीत बसला. मला अगदी भरून आलं.

मग पाळी दिवसाआड ठरली, कोर्टानेही ती मान्य केली. मोट पुन्हा कुरकुरू लागली, कांदा तरारला. लग्नात पाहुण्यांसाठी मी ऐसपैस पसरले होते.

आता माझ्या दशा झडल्यात. अर्जुनराव दुमडायचे, नेमकी तिथेच विरलेय. त्याचं मला दुःख नाही. एवढंच सांगणं आहे, बाबांनो: भांडणारी माणसं बसायला आली, तर मला पुरती पसरू नका.