वूफरला सुतळी

धर्मराजला गाडीपेक्षा गाडीतल्या आवाजाची हौस दांडगी. जालन्याच्या एमआयडीसीत तो बियाण्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. जुनी इंडिका घेतली आणि पहिल्याच महिन्यात डिक्कीत वूफरचा भलामोठा डबा बसवला. बसवला म्हणजे नुसता ठेवला. फिटर सांगत होता, "साहेब, खालच्या पत्र्याला बोल्ट मारू, पट्टीनं आवळू. डबा वजनी हाय, चढाला मागं सरकंल."

गाडीला भोकं पाडायची म्हटल्यावर साहेबांनी त्याला थांबवलं. "गंज धरतो पत्रा. मी बांधतो बराबर."

दिवसभर पोती शिवून-बांधून घेणारा माणूस तो. त्यानं मागच्या सीटच्या कड्यांना सुतळी ओवली, पोत्याला मारतात तशी गाठ मारली आणि स्वतःवरच खूश झाला. पोतं अंग टाकून बसतं, डबा बसत नाही, एवढं काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

पुढे धाकट्या बहिणीचं, बेबीनंदाचं लग्न निघालं. लग्न मुलाच्या दारी, घनसावंगीकडच्या एका गावात. नवरी मामांबरोबर जीपमधून पुढे गेली. इंडिकात धर्मराज, त्याची आई चतुराबाई आणि रुखवत. रुखवतात चतुराबाईनं परातीत शेवयांचा मोर केला होता. पाटावर वळलेल्या केसासारख्या शेवया, त्यांचा पिसारा. अधू डोळ्यांनी तिनं तो कसा रचला ते तिलाच ठाऊक. सासरच्या बाया रुखवत बघूनच माहेर जोखतात, म्हणून तिचा सगळा जीव त्या परातीत होता.

"मोर मी मांडीवर घेते," ती म्हणाली.

"सीटकव्हर नवं हाय, माय. पीठ सांडंल. ठेव डिक्कीत."

"आन् तो डबा?"

"बोल्टानं आवळलाय. बिलकुल हलत न्हाई."

खोटं बोलताना त्याची जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

अंबड मागं पडलं. एका ओढ्याचा उतार उतरून गाडी चढाला लागली, खड्ड्यात आदळली, आणि मागं धप्प झालं. पाठोपाठ काहीतरी बारीक चुरचुरलं. काय झालं ते धर्मराजला कळलं. थांबून बघावं, निदान आईला सांगावं, एवढं करायचं होतं. त्यानं हात पुढे केला आणि गाण्याचा आवाज वाढवला. चतुराबाई खिडकीबाहेर बघत राहिली.

मांडवापाशी गाडी थांबली तशी वऱ्हाडातली पोरं तिच्यातल्या गाण्यावर नाचायला लागली. विहीण सगुणाबाई आपल्या बायकांना घेऊन रुखवत उतरवायला आली. डिक्की उघडली. तुटलेली सुतळी कड्याला लोंबत होती, डबा परातीवर चढून बसला होता, आणि मोराचा नुसता भुगा झाला होता. त्या भुग्यावर वूफर अजून धडधडत होता, त्यानं शेवयांचे तुकडे परातीत थडथड उडत होते.

"अगं माय!" सगुणाबाई म्हणाली. "डब्याखाली कोन ठेवलं हे?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. धर्मराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ठेवलं, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. तो कड्यातली तुटकी सुतळी सोडवत राहिला.

"मीच, इहीनबाई," चतुराबाई म्हणाली. "लेक म्हनत व्हता, मांडीवर घे. मीच ऐकलं न्हाई."

"डोळ्यानं कमी दिसतं का तुम्हाला?" एकीनं विचारलं, आणि बाकीच्या पदराआड हसल्या. चतुराबाईही हसली. तिनं परात उचलली आणि भुगा सांडू नये म्हणून पदर लावून मांडवात नेली. धर्मराज गाणं बंद करायला गाडीत शिरला आणि तिथंच बसून राहिला. बाहेर कुणीतरी म्हणालं, "आवाज लई भारी हाय गाडीचा."

संध्याकाळी नवरीला सासरी सोडून मायलेक परत निघाले. गाव मागं पडल्यावर धर्मराज म्हणाला, "माय, माझं चुकलं. ते बोल्ट..."

"मला तवाच ऐकू आल्तं," चतुराबाई म्हणाली. "तू आवाज कामून वाढवला, तेबी कळलं."

"मंग तिथं तू..."

"पोरीच्या सासरी पयल्याच दिवशी तिच्या भावाला खोटा पाडू का?"

ती पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. गाणं लावायची धर्मराजची हिंमत नव्हती. ओढ्याचा चढ आला, डबा मागं सरकला, आणि या वेळी त्याचा धप्प आवाज दोघांनीही न लपवता ऐकला.